चाल बदलण्याचा अधिकार

१९९६ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. बेळगुंदीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांस त्याचे वर्णन सांगावयास नको. राकसकोपच्या बाजूने सरी एकदा उतरू लागल्या की दिवसचे दिवस घराबाहेर पाऊल टाकवत नाही, आणि मग माणसे सोप्यावर बसून जगातील यच्चयावत प्रश्नांचा निकाल लावू लागतात. आम्ही त्या वेळी महाविद्यालयात शिकत होतो. अशाच एका संध्याकाळी आमचा एक वर्गमित्र बेळगावहून शेवटच्या बसने चिंब भिजून आला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेली एक कॅसेट त्याने बाहेर काढली, आणि ती आमच्यापुढे जवळजवळ फेकूनच तो म्हणाला, "ह्यांनी आम्हाला फसवलं."

'हे' म्हणजे मेटॅलिका नावाचा अमेरिकन वाद्यवृंद. १९८१ साली स्थापन झालेल्या या चौघांच्या मेळ्याने विजेच्या गिटारींचा एक प्रचंड वेगवान आणि कर्कश, पण आपल्या परीने अत्यंत शिस्तबद्ध असा बाज घडविला होता. १९९१ साली निघालेल्या काळ्या वेष्टनाच्या आल्बममध्ये त्यांचा वेग थोडा मंदावला होता. तेवढे आमच्या मित्राने सोसले होते. परंतु पाच वर्षे वाट पाहावयास लावून त्यांनी जो 'लोड' नावाचा नवा आल्बम काढला त्यात तो जुना वेग उरलाच नव्हता. त्याच्या जागी जुन्या अमेरिकन ब्लूजच्या वळणाचा, सैलसर चालीचा हार्ड रॉक आला होता. शिवाय या मंडळींनी आपले लांब केस कापून टाकले होते. खरे सांगावयाचे तर केसांचा राग गाण्याच्या रागाहून कमी नव्हता. महिनाभर खानावळीतील एक वेळचे जेवण वाचवून घेतलेली ती कॅसेट होती, हे मात्र विसरता कामा नये.

आमचे आजोबा कोपऱ्यात अडकित्त्याने सुपारी कातरीत बसले होते. इंग्रजी गाण्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पण सगळी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि मान वर न करता ते म्हणाले, "असंच केलं की रे आमच्या सुळेभावीच्या पोरानं."

सुळेभावीचे ते पोर म्हणजे कुमार गंधर्व.

आमच्या गावाहून बेळगाव ओलांडून पूर्वेकडे गेले की सुळेभावी लागते. तेथे ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म झाला. घरची भाषा कानडी, वडील स्वतः गाणारे. सहा-सात वर्षांचे हे मूल एके दिवशी गाऊ लागले ते असे की त्या काळच्या थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका त्याने हुबेहूब म्हणून दाखवाव्यात. त्यातील हरकती, श्वास, किंबहुना गवयाचे खाकरणेही सुटू नये. एका लिंगायत स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' अशी पदवी दिली आणि त्या पदवीने मूळचे नाव पुरते गिळून टाकले. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमधील परिषदेत बारा वर्षांच्या या मुलाने भल्याभल्यांना थक्क केले. आमच्या आजोबांनी त्याला त्याच सुमारास ऐकले होते. ते म्हणत, डोळे मिटले की बुवा आणि खाँसाहेब समोर येऊन बसत.

नंतर आजोबांनी कुमारांना ऐकले ते एकदम साठीच्या दशकात, आणि अर्ध्या मैफलीतून ते उठून आले. "ते पोर गेलं," एवढेच त्यांनी घरी सांगितले. त्यांचे हे मत अखेरपर्यंत बदलले नाही.

अठरा वर्षांचा एक मुलगा आणि ऐंशीच्या घरातला एक म्हातारा. दोघांच्या संगीतात दोन खंडांचे अंतर. परंतु तक्रार एकच. ज्याच्यावर जीव लावला त्याने न विचारता आपले गाणे बदलले. अशी तक्रार करण्याचा ऐकणाऱ्याला काही अधिकार आहे काय? उलट बाजूने, गाणाऱ्यावर पूर्वीसारखेच गात राहण्याचे काही बंधन आहे काय? आम्ही पुढे वकिलीची सनद घेतली, आणि हक्क व बंधन हे शब्द मोजून वापरण्याची सवय जडली. तरीही त्या पावसाळी संध्याकाळचा हा वाद आमच्या मनात निकालाविना पडून राहिला होता. अलीकडे एका प्रकरणाने तो पुन्हा वर काढला. त्याविषयी पुढे सांगू.

'फसवणूक' हा शब्द आम्ही हलका मानीत नाही. १८७२ सालच्या करार कायद्यात त्याची व्याख्या आहे आणि तिचा गाभा हेतू हा आहे. समोरच्याला चकविण्याच्या बुद्धीने खोटे सांगणे, किंवा सांगावयास हवे ते दडविणे, म्हणजे फसवणूक. या कसोटीवर आमच्या मित्राचा दावा पहिल्याच तारखेला निकालात निघेल हे उघड आहे. पण कायद्यात न बसणारी प्रत्येक तक्रार पोकळच असते असे समजणारा वकील आपल्या अशिलांना फार लवकर मुकतो. कॅसेटवर नाव छापलेले होते. त्या नावावर भरवसा ठेवून मुलाने पोटाला चिमटा घेतला होता. नाव म्हणजे नुसते नाव नव्हे. इतकी वर्षे त्या नावाखाली जे ऐकविले गेले त्याची ती मोहर असते. मोहर तीच ठेवून आतला माल बदलला, असे कोणी म्हणाला तर त्याला अडाणी ठरवून हसण्यात अर्थ नाही.

आणि हसण्याची प्रथा मात्र फार आहे. बॉब डिलन हा गिटार आणि मुखवाद्य घेऊन लोकगीतांच्या वळणाने गाणारा अमेरिकन कवी-गायक. १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उठली. पुढच्या वर्षी मे महिन्यात मँचेस्टरमध्ये एका श्रोत्याने भर सभागृहात त्याला 'जूडास' म्हणून हाक मारली. आपल्या गुरूला तीस नाण्यांसाठी विकणाऱ्या शिष्याचे ते नाव. गोव्याच्या वाचकांना त्यातील विखार अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे २०१६ साली डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आता तो मँचेस्टरचा श्रोता इतिहासात एक विनोदी पात्र होऊन बसला आहे. हे आम्हाला न्याय्य वाटत नाही. इतके जळजळीत विशेषण माणूस परक्याला लावीत नाही. त्या माणसाचे काहीतरी खरोखर हरवले होते.

पण हरवले ते त्याच्या मालकीचे होते काय? येथे कुमारांचे प्रकरण बारकाईने पाहिले पाहिजे, कारण दुसरे इतके स्वच्छ उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

जिना हॉलच्या त्या विजयानंतर कुमार मुंबईत प्रो. बा. र. देवधरांकडे शिकावयास राहिले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. परंतु एकाच घराण्याच्या कुंपणात न राहता जेथे चांगली बंदिश मिळेल तेथून ती घेणारे. नकलेत निष्णात असलेल्या मुलाच्या वाट्याला असा गुरू यावा हे त्याचे भाग्यच म्हटले पाहिजे. नाव झाले, मैफली सुरू झाल्या, १९४७ साली लग्न झाले, आणि त्याच वर्षी क्षयाने गाठले. १९४८ च्या जानेवारीअखेर हवापालटासाठी त्यांना माळव्यातील देवासला नेण्यात आले. गाण्याची सक्त मनाई होती. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचे नवे औषध उपयोगी पडले, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते.

या पाच-सहा वर्षांत एक गवई अंथरुणावर पडून नुसते ऐकत होता. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. गवई सहसा ऐकत नाहीत. ऐकले तरी आपण ते कसे म्हणू या हिशेबाने ऐकतात. येथे म्हणण्याची सोयच नव्हती. खिडकीबाहेरून माळव्याच्या बायका जात्यावर, लग्नात, पावसाच्या आरंभी गात होत्या. नाथपंथी जोगी दारावरून निर्गुणी भजने म्हणत जात होते. त्या चार-दोन स्वरांच्या धुनांत रागांची बीजे आहेत हे कुमारांनी तेथे ओळखले, आणि पुढे त्या बीजांतून लगनगंधार, मालवती, संजारी असे नवे राग उभे केले. त्यांना त्यांनी 'धुनउगम' राग म्हटले. १९६५ साली आपल्या बंदिशींचे 'अनूपरागविलास' हे पुस्तकही त्यांनी प्रसिद्ध केले.

मग जे गाणे लोकांसमोर आले ते पूर्वीचे नव्हते. विलंबित ख्यालात एकेक स्वर ओलांडीत पायरीपायरीने चढत जाण्याची जी किराण्याची चाल, ती त्यांनी आखडती घेतली. स्वर मध्येच तोडावा, क्षणभर केवळ तंबोरेच बोलू द्यावेत, मग अनपेक्षित ठिकाणी मोठ्या आवाजात झेप घ्यावी आणि लगेच कुजबुजीवर यावे, असे ते गाणे. कोणी म्हटले, एका फुप्फुसाच्या माणसाने दुसरे काय करावे. अपंगत्वालाच हा कला म्हणून मिरवतो आहे. कोणी म्हटले, याला घराणे नाही. आमचे आजोबा काही न म्हणता उठून आले.

फुप्फुसाचा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांतील द्रुत ताना ऐकणाऱ्यास तो पटणारही नाही. पण तो खरा धरला तरी काय सिद्ध होते? कोल्हापूर आमच्या निपाणीहून हाकेच्या अंतरावर. शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे राहिलेले अल्लादिया खाँसाहेब हे जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळ पुरुष मानले जातात. तारुण्यात अतिश्रमाने त्यांचा आवाज गेला. परत आला तो पहिल्यासारखा आला नाही. म्हणून त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी नवी, गुंफणीची, वक्र चालीची गायकी त्यांनी रचिली. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांनी ती प्राणपणाने जपली. आज जयपूर गायकीची शुद्धता म्हणून ज्या गोष्टीसाठी माणसे हमरीतुमरीवर येतात, ती गोष्ट म्हणजे एका गवयाने आपला बिघडलेला आवाज सावरण्यासाठी केलेला बदल होय. त्या काळीही कोणी आजोबा मैफलीतून उठून गेले असतील.

आणि मोगूबाईंची कन्या किशोरी आमोणकर? आईकडून ती चोख गायकी हाती आली. मध्यंतरी काही काळ त्यांचाही आवाज गेला होता. पुढे लयीच्या त्या घट्ट विणीतून बाहेर पडून त्यांनी आलापाला, रागाच्या भावाला हवी तेवढी मोकळीक दिली. जयपूरचे घर मोडले म्हणून त्यांच्यावर ठपका आला. आज नव्या पिढीतील किती गायिका किशोरीताईंनाच परंपरा मानून गातात हे गोव्यात तरी सांगण्याचे कारण नाही. धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर तर ग्वाल्हेर परंपरेत तयार होऊन, ध्वनिमुद्रिका निघून, नाव झाल्यावर अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्यापुढे पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. ज्या वयात माणसे शिष्य जमवू लागतात त्या वयात हा गृहस्थ नवी लिपी गिरवू लागला.

तेव्हा, परंपरा मोडली हा आरोप टिकत नाही. परंतु श्रोत्याचा आरोप मुळी तो नाहीच. आमचे आजोबा घराण्याचे अभिमानी नव्हते. घराणी किती हेही त्यांना सांगता आले नसते. त्यांचे म्हणणे इतकेच, की मला जे दिले होते ते परत काढून घेतले. याला उत्तर द्यावयाचे तर मुळात काय दिले होते ते पाहिले पाहिजे. बाल-कुमार जे गात होते ते त्यांचे नव्हतेच. ते अब्दुल करीम खाँसाहेबांचे होते, आणखी कोणाकोणाचे होते. आजोबांनी ज्याच्यावर जीव लावला ती एक अद्भुत नक्कल होती. पुढे त्या मुलाने उसने परत केले आणि स्वतःच्या पदरचे काढले, तेव्हा ऋणको पळाला अशी ओरड झाली! खरे म्हणजे पळण्याचा सोपा मार्ग उलट दिशेला होता. लोकांना हवी होती तीच बालमूर्ती आयुष्यभर विकत राहणे अशक्य नव्हते. तसे करणारे थोडे नाहीत.

या विषयात हेतू शोधण्याचा मोह सर्वांना होतो. आतल्या गरजेने बदल केला तर खरा, बाजारासाठी केला तर खोटा, अशी एक सोयीची विभागणी केली जाते. आमच्या मित्राचीही खात्री होती की मेटॅलिकाने रेडिओवर वाजावे म्हणून चाल बदलली. आम्हाला या कसोटीचा भरवसा नाही. माणसाच्या मनातील हेतू न्यायालयात साक्षीपुराव्याने सिद्ध करावयास किती वर्षे लागतात आणि तरीही तो किती वेळा चुकीचा ठरतो हे आम्ही रोज पाहतो. शिवाय पोटासाठी केलेल्या कामातून उत्तम कला निघाल्याची आणि शुद्ध अंतःप्रेरणेतून सुमार कला निघाल्याची उदाहरणे वाचकांस आमच्याहून अधिक ठाऊक असतील.

हेतूपेक्षा आम्हाला दुसरी एक गोष्ट तपासावीशी वाटते, आणि ती आम्ही आमच्याच धंद्यातून घेतो. न्यायालयेही आपले गाणे बदलतात. १९५५ साली बेंगॉल इम्युनिटी कंपनीच्या विक्रीकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोनच वर्षांपूर्वीचा स्वतःचा निर्णय बाजूस सारला आणि आपण आपल्याच पूर्वनिर्णयाने कायमचे बांधलेले नाही असे सांगितले. पण ते सांगितले. गुपचूप केले नाही. जुना निर्णय समोर ठेवून, तो कोठे चुकला याची कारणे लिहून, उघड्यावर केले. ज्यांनी जुन्या निर्णयावर विसंबून व्यवहार केले होते त्यांना निदान एवढे तरी देणे लागत होते.

गवई कारणे लिहून देत नाही हे खरे. पण कुमारांनी बालगंधर्वांची पदे पुढे जेव्हा मैफलीत गाइली, तेव्हा त्या कार्यक्रमाला नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'. ते 'उमजलेले' किती जपून घातले आहे! ज्याने लहानपणी नकलेवर नाव मिळविले, तो आता सांगतो आहे की मी नक्कल करणार नाही, मला जेवढे समजले तेवढे म्हणणार आहे. तुम्हाला बालगंधर्वच हवे असतील तर त्यांच्या तबकड्या आहेत. ही आमच्या मते प्रामाणिक कैफियत होती. वामनराव देशपांडे हे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६१ साली 'घरंदाज गायकी' लिहून घराण्यांचा सगळा जमाखर्च त्यांनी मांडला. त्यांच्यासारख्या जाणकाराशीही कुमार आपल्या गाण्याविषयी वाद घालीत, टाळीत नसत. श्रोत्याला गाणाऱ्याकडून सारखेपणा मागता येणार नाही. पण अशी उघड वागणूक मागता येईल, असे आम्हाला वाटते. इतकी वर्षे आपल्यावर ज्याने विसंबून राहावे त्याला निदान तोंड दाखविणे.

आणि श्रोत्याचे दुःख? ते तेवढ्याने भागत नाही. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. मे महिन्यात पाणी ओसरले की जोती वर येतात, आणि इतरत्र जाऊन वसलेले गावकरी तेथे जमतात. आपले घर कोठे होते ते मुलांना दाखवितात. त्यांना कोणी वेडे म्हणत नाही. तेथे पुन्हा राहता यावयाचे नाही हे त्यांनाही कळते. आमच्या मित्राच्या कपाटात त्या जुन्या कॅसेटी अजून आहेत; कॅसेट वाजविणारे यंत्र मात्र घरात उरलेले नाही.

येथवर येऊन आम्ही समाधान मानले असते. परंतु वर ज्या प्रकरणाचा उल्लेख केला त्याने या विचाराला एक बाजूच नव्हती हे दाखवून दिले.

आमच्या पंचक्रोशीतील एका गावी, नाव सांगत नाही, साठ-सत्तर वर्षांचे जुने भजनी मंडळ आहे. एकादशीला देवळात वारकरी पद्धतीचे भजन होते. पुण्यास नोकरी करून परतलेल्या एका तरुणाकडे मंडळाची धुरा आली. तो उत्तम गातो, पेटीही उत्तम वाजवितो. त्याने हळूहळू चाली बदलल्या. प्रथम चित्रपटातल्या चाली आल्या, मग कीबोर्ड आला, मग ऑक्टोपॅड आला. मंडळाने भजनस्पर्धांत ढाली मिळविल्या, तिशीच्या आतील मुले देवळात येऊ लागली. म्हातारे एकेक करून मागे सरकले आणि शेवटी बाहेर पडले. भांडण पेटले ते वाद्यांवरून. पेटी, पखवाज, टाळांचे जोड ही सगळी वर्गणीतून घेतलेली, ती कोणाची? दोन्ही बाजू आमच्याकडे आल्या. न्यायालयात जावयाचे नाही, तुम्ही सांगाल ते मान्य, असे म्हणाल्या. याहून अवघड वकालतनामा नसतो.

म्हाताऱ्यांपैकी एक पखवाजवादक होते. आम्ही त्यांना जे काही वर लिहिले आहे ते थोडक्यात सांगून पाहिले. अल्लादिया खाँसाहेब सांगितले, कुमार सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, ते लोक गाणार आणि आपण ऐकणार. पण भजन आम्ही ऐकत नव्हतो, म्हणत होतो की. आता आमच्यानं म्हणवत नाही."

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. मैफलीतून श्रोता उठून जाऊ शकतो, आणि गवई मोकळा राहतो. भजनात ऐकणारा असा कोणी नसतोच. ध्रुपद सर्वांनी उचलावयाचे असते. तेथे चाल ही एकट्या बुवाची नव्हे. ती अशा रीतीने बदलणे की चाळीस वर्षे म्हणणाऱ्या माणसाचे तोंडच बंद व्हावे, याला कलावंताचे स्वातंत्र्य म्हणावे काय? कुमारांनी आमच्या आजोबांचे गाणे काढून घेतले नाही. आजोबा गात नव्हते. येथे मात्र खरोखरच काढून घेतले गेले होते. दुसऱ्या बाजूला ती मुले होती. ती जुन्या चालीला आली नव्हती आणि येणारही नव्हती. तीही आता म्हणत होती.

आम्ही दप्तर मागविले. पहिल्या पानावर उद्देश लिहिला होता: संतांची भजने वारकरी चालीवर म्हणणे. आम्हाला एक जुना खटला आठवला. स्कॉटलंडमधील फ्री चर्चच्या बहुसंख्य सभासदांनी १९०० साली दुसऱ्या एका पंथाशी एकी केली. मूठभर लोक जुन्या मतांना चिकटून बाहेर राहिले आणि मालमत्ता आमची म्हणून न्यायालयात गेले. १९०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला तो त्या मूठभरांच्या बाजूने. पैसा ज्या तत्त्वांसाठी गोळा झाला त्यांना जो धरून आहे त्याचा तो, बहुमताने उद्देश बदलता येत नाही, असे सांगितले. देशभरची प्रार्थनामंदिरे अशा लोकांकडे आली की ज्यांच्याजवळ ती चालवावयास माणसेच नव्हती. शेवटी पुढच्या वर्षी पार्लमेंटला कायदा करून वाटणी करावी लागली. हा शेवट आम्हाला ठाऊक होता. तरीही आम्ही लॉर्डांच्याच मार्गाने गेलो. वाद्ये म्हाताऱ्यांची, असे सांगितले. मुलांनी वर्गणी काढून नवी घ्यावीत. मुलांनी तो निर्णय निमूटपणे मानला. याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे.

दप्तर परत देण्यापूर्वी आम्ही ते रात्री सावकाश वाचले. हे निर्णयापूर्वी करावयास हवे होते. मंडळ स्थापन झाल्यावर काही वर्षांनी पेटी घेतल्याची नोंद तेथे आहे, आणि तिच्याखाली दोन सभासदांचा विरोध नोंदविला आहे: पेटीने वीणेचा स्वर दबतो, आणि हे वाद्य आपले नव्हे. ते खोटे नव्हते. पेटी युरोपातून आलेली. आकाशवाणीनेही १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केले होते. म्हणजे ज्या पेटीसाठी जुने लोक भांडत होते ती एके काळी त्या देवळातला ऑक्टोपॅडच होती. त्या दोघा विरोधकांचे पुढे काय झाले याची नोंद दप्तरात नाही.

आमच्या निर्णयाचा परिणाम असा झाला की पेटी ज्यांना मिळाली त्यांच्यात ती वाजविणारा कोणी नव्हता. वाजविणारे सगळे पलीकडे गेले होते. देवळाच्या कोठीत ती वर्षभर तशीच पडून राहिली, आणि पावसाळ्यात तिचा भाता उंदरांनी कुरतडला.

परवाच्या एकादशीला आम्ही मुद्दाम त्या गावी गेलो. मुलांचे भजन सायंकाळी समाजमंदिरात होऊन गेले होते. रात्री देवळात सहा-सात म्हातारे बसले होते. पेटीचे काय केले, असे विचारता पखवाजवाले म्हणाले, "नाही दुरुस्त केली. आता नकोच म्हटलं. आमच्या आज्याच्या वेळेला कुठं होती?" मग एकाने वीणा गळ्यात घातली आणि भजन सुरू झाले. स्वर द्यावयास पेटी नसल्याने पट्टी खाली उतरली होती, लयही पुष्कळ संथ झाली होती. ज्या चालीसाठी ते आमच्याकडे आले होते ती ही नव्हती. आम्ही एक टाळ मागून घेतला आणि मागच्या ओळीत बसलो.